पहिलं बिस्कीट झाडाला

ती कुत्र्यांना घाबरायची. थोडीथोडकी नाही. रस्त्याच्या पलीकडे एखादं पिल्लू झोपलेलं दिसलं तरी पुढच्या गल्लीने वळसा घालून जाणारी मुलगी ती! आणि तीच त्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा कापूस नावाचा पांढराशुभ्र, झुबकेदार आणि अखंड भुंकणारा कुत्रा साखळीला धरून बागेच्या फाटकातून आत शिरत होती. शिरत कसली होती... कापूस पुढे आणि ती मागे, ओढली जात होती.

याला जबाबदार तिचं शिक्षण. मानववंशशास्त्र घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे लांबलांबची बेटं होती. होडीतून उतरायचं, अनोळखी माणसांत राहायचं, त्यांची बोली शिकायची, त्यांच्यासोबत नाचायचं आणि परत येऊन जाडजूड पुस्तक लिहायचं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय मागायला ती विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेली, तेव्हा मॅडमनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुला सगळ्यात परकी वाटणारी माणसं कोणती?"

"कुत्री पाळणारी," ती बोलून गेली. लगेच जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"छान. विद्यापीठामागच्या बागेत रोज सकाळी जमतात ती. तेच तुझं बेट."

घरी हे ऐकून वहिनी इतकी हसली की दादाला चहा स्वतः गाळून घ्यावा लागला. "बेटावर निघाली होती आमची बाई! अगं, चावलं तर इंजेक्शनचा खर्च तरी देणार आहे का तुझं विद्यापीठ?"

तर ती अशी बागेत शिरली. हवेत धुकं होतं आणि गवत ओलं होतं. फाटकापासून जवळच रुंद बुंध्याचं एक जुनं झाड होतं. तिथे कापूस अचानक थांबला, गर्रकन वळला आणि तिच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे त्याने झेप घेतली. ती किंचाळली नाही, कारण किंचाळायलाही श्वास लागतो. पुड्यातलं एक बिस्कीट झाडाच्या मुळाशी पडलं. तिने तळव्याने बुंध्याचा आधार घेतला, डोळे गच्च मिटले आणि मनातल्या मनात आईला हाक मारली.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या बाकावरचा एक तरुण तिच्याकडे टक लावून बघत होता. केस विस्कटलेले, स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात. त्याच्या पायाशी एक तपकिरी, म्हातारी कुत्री गाढ झोपली होती.

"नवीन?" त्याने विचारलं.

"छे! नवीन कसली? आम्ही दुसऱ्या बागेत जायचो. म्हटलं जरा... हवापालट."

"तुम्हाला की याला?"

"याला. याला सर्दी होते."

"कुत्र्याला?"

"नाजूक आहे तो."

त्या नाजूक प्राण्याने तेवढ्यात असा काही आवाज काढला की दोन कावळे उडाले. तरुणाने गंभीरपणे मान डोलावली. हसू दाबताना त्याच्या गालाला खळी पडली, आणि ती खळी पाहून बुंध्यावरचा हात काढायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"आणि तुमची ही? बरी नाही का?"

"डुलकी? ठणठणीत आहे. तिला घरी झोप लागत नाही, म्हणून बागेत आणतो."

ती खुदकन हसली. पहिल्याच दिवशी हसायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवून आलेली मुलगी.

त्या बागेची एक गंमत तिला लगेच कळली. तिथे माणसाला कुणी नावाने ओळखत नव्हतं. कुत्र्याचं नाव काय, आणि कुत्रा तुमचा कोण, एवढ्यावर सगळं चालायचं. वासराएवढ्या सुलतानला फिरवणारे, पांढऱ्या मिशांचे निवृत्त शिक्षक म्हणजे सुलतानचे आजोबा. मिशी नावाच्या केसाळ कुत्रीला रोज नवं फडकं बांधून आणणारी शिंपीण म्हणजे मिशीची मावशी. दुसऱ्या दिवसापासून ती झाली कापूसची आई. आणि बाकावरचा तो? डुलकीचे बाबा.

चार-पाच दिवसांनी तिला पहिला धक्का बसला. डुलकीचे बाबा फाटकातून आले, झाडापाशी थांबले, पुड्यातलं पहिलं बिस्कीट काढलं आणि कुत्रीला न देता हळूच झाडाच्या मुळाशी ठेवलं. मग तळवा बुंध्यावर टेकला. मग डोळे मिटले.

ती बघतच राहिली. अंगावर काटा आला तिच्या. प्रथा! शहराच्या मध्यावर, बसथांब्याच्या मागे, एक जिवंत प्रथा! पुस्तकांतून वाचलेलं सगळं तिच्या डोक्यात एकदम गर्दी करून उठलं. जनावराआधी झाडाचा वाटा! बेटावरच्या लोकांनी करावं तसं साध्या स्वेटरमधला हा माणूस करत होता, आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आता, तिच्या शास्त्राची रीत अशी की नुसतं बघून भागत नाही. जे लोक करतात ते त्यांच्यासोबत आपणही करायचं, म्हणजे आतून कळतं. दुसऱ्या दिवशी तिने बिस्कीट झाडाला ठेवलं, तळवा टेकला, डोळे मिटले. बुटाची नाडी सुटली होती म्हणून जाताजाता वाकून ती बांधली. डुलकीचे बाबा बाकावरून बघत होते. परक्या माणसाने आपली रीत पाळली की लोकांना बरं वाटतं असं पुस्तकात होतंच, आणि त्याच्या चेहऱ्यावर तर आनंद मावत नव्हता.

त्यानंतर एका सकाळी तोही बिस्कीट ठेवून वाकला आणि त्याने बुटाला हात लावला. हा बारकावा आपल्या नजरेतून आधी सुटला होता म्हणून ती स्वतःवर चिडली. मग तीही रोज बुटाला हात लावू लागली. महिन्याभरात त्या दोघांचा झाडापाशी असा काही थाट चालायचा की नव्याने येणारा माणूस लांबून वळून जायचा.

आणि त्या थाटात रोज काहीतरी व्हायचं... प्रबंधात लिहिता न येणारं. एकदा दोघांचे तळवे एकाच वेळी बुंध्यावर टेकले. मध्ये बोटभर अंतर. कुणीच हात काढून घेतला नाही.

"डोळे मिटा ना," तो म्हणाला.

"तुम्ही आधी मिटा."

"मी मिटले तर तुम्ही मिटले की नाही ते कसं कळणार?"

"विश्वास ठेवायचा."

"तुमच्यावर? सर्दी होणाऱ्या कुत्र्याच्या आईवर?"

तिने डोळे मिटले. किंचित उघडून पाहिलं, तर तो तिच्याकडेच बघत होता. तिने ते पुन्हा गच्च मिटले.

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनीने तिचा चेहरा पाहिला आणि हातातली कणीक तशीच ठेवली. "काय गं, शेवटी चावलाच का?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

"वहिनी, त्याहून वाईट झालंय."

खरंच वाईट झालं होतं. मॅडमचे दोन नियम होते आणि त्यांत सूट नव्हती. पहिला, ज्यांचा अभ्यास करता त्यांना तो सांगा आणि त्यांची परवानगी घ्या. दुसरा, त्यांच्याशी मैत्री करा, पण जीव गुंतवू नका. ती बागेतल्या एकेकाला गाठून परवानगी घेत सुटली होती. मिशीच्या मावशीने तर फोटोसाठी मिशीला झालर लावली. सुलतानचे आजोबा तिचं ऐकून एवढे हसले की सुलतान भुंकायला लागला.

"बाकी कुणालाही सांगा आजोबा," ती म्हणाली, "पण डुलकीच्या बाबांना एवढ्यात नको. त्यांना मीच सांगेन. शपथ घ्या."

आजोबांनी डोळे पुसले आणि शपथ घेतली.

ती त्याला का सांगत नव्हती? सोपं आहे. सांगितलं की कापूस तिचा नाही हेही सांगावं लागणार. मग तो म्हणणार, म्हणजे इतके दिवस मी तुझ्या अभ्यासाचा विषय होतो तर! आणि उठून जाणार. तिला प्रबंधापेक्षा त्या बाकाची काळजी लागली होती. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत दिवस ढकलले, आणि चर्चासत्र येऊन ठेपलं.

हे चर्चासत्र साधं नव्हतं. तिथल्या निबंधांवरून मॅडम पुढच्या संशोधनासाठी एकाची निवड करणार होत्या. पाठ्यवृत्ती होती, आणि यावेळी खरोखरच्या बेटावर जायचं होतं. तिचा निबंध मॅडमना फार आवडला होता. जिच्यावर तो उभा होता त्या प्रथेचा भाग तर त्यांनी दोनदा वाचला. तरीही मागच्या एका परिच्छेदाजवळ त्यांनी पेन्सिलने खूण केली होती. "बाकीचे लोक काय करतात झाडापाशी? तपासलंस ना?"

"हो मॅडम," ती म्हणाली होती. तपासलं नव्हतं.

आदल्या दिवशी बागेत तो म्हणाला, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"मलाही."

"आधी तुम्ही."

"नाही... आधी तुम्ही."

डुलकी घोरत होती. शेवटी तोच म्हणाला, "उद्या माझं एक काम आहे. ते झालं की सांगतो. मग कदाचित तुम्ही माझ्याशी बोलणार नाही."

"माझंही तसंच आहे," ती म्हणाली, आणि कापूसला ओढत जवळजवळ पळतच निघाली.

चर्चासत्राचं सभागृह भरलेलं होतं. मागच्या रांगेत सुलतानचे आजोबा आणि मिशीची मावशी नव्या कपड्यांत बसली होती. तिनेच बोलावलं होतं त्यांना. ती पुढच्या रांगेत, हातात कागद. तिच्या आधी नदीपलीकडच्या विद्यापीठाचा एक विद्यार्थी वाचणार होता. अध्यक्षस्थानी असलेल्या मॅडमनी त्याला बोलावलं आणि तो मंचावर चढला.

इस्त्रीचा शर्ट. भांग पाडलेला. पायाशी कुत्री नाही.

तिच्या हातातले कागद खाली पडले. हे इथे कसे? बागेतला माणूस मंचावर कसा? क्षणभर तिला वाटलं, तो तिलाच शोधत आलाय. मग त्याने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"पहिलं बिस्कीट झाडाला. शहरी कुत्रेपालकांमधील एक प्रथा. या प्रथेच्या प्रमुख जाणकार, ज्यांना मी कापूसची आई म्हणेन, यांना मी प्रथम पाहिलं ते धुक्याच्या एका सकाळी. त्यांनी पहिलं बिस्कीट अतिशय श्रद्धेने मुळाशी ठेवलं, तळवा बुंध्याला लावला आणि डोळे मिटले..."

श्रद्धेने! तिला घाम फुटला. त्याने आपलं पाहून केलं, आपण त्याचं पाहून केलं... आणि ती नाडी! ती नुसती सुटली होती हो! तो पुढे वाचत होता, "प्रथेचा अखेरचा भाग म्हणजे पादत्राणांना स्पर्श," आणि तेवढ्यात त्याने मान वर केली. पुढच्या रांगेत कापूसची आई, कापूसशिवाय. त्याचा आवाज बसला. चेहरा पांढराफटक पडला. पण ओठ कागदावरचं वाचतच राहिले, बंद करायचे राहून गेलेल्या नळासारखे.

तो संपवून कसाबसा खुर्चीत बसला, आणि मॅडम तर उभ्याच राहिल्या. "मित्रहो, मला बोलायलाच हवं. आमच्या विद्यार्थिनीचा निबंध माझ्या हातात आहे. तिलाही हीच प्रथा सापडली आहे. दोन विद्यापीठं, दोन स्वतंत्र अभ्यास, एकमेकांना न ओळखणारे दोन निरीक्षक! याहून भक्कम पुरावा कोणता?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली पडलेले कागद उचलून ती माइककडे चालत गेली.

आता नुसतं वाचलं असतं तरी पुरे होतं. तिचं आणि त्याचं, दोघांचंही सोनं झालं असतं. बेट समोर दिसत होतं. आणि खरं बोललं तर तिचा निबंध जाणार होता तो जाणारच, पण त्याचाही जाणार होता. त्याने काय बिघडवलं होतं तिचं? तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, आणि आज शर्टाचंही एक बटण चुकीच्या काजात होतं. याच्याशी आयुष्यभर खोटं बोलायचं? ते तिला जमणार नव्हतं.

तिने कागद उलटे ठेवले.

"ही प्रथा नाही," ती म्हणाली. आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "ही पाळणारी माणसं दोनच आहेत. एक मी, आणि दुसरे आत्ताचे वक्ते. त्यांनी माझं बघून केलं आणि मी त्यांचं बघून. आम्हाला दोघांनाही वाटलं, समोरचा माणूस तिथलाच आहे. त्या पहिल्या सकाळी मी झाडाला काही दिलं नव्हतं. मी कुत्र्याला घाबरले होते. तो कुत्रा माझा नाही. शेजारच्या काकूंचा आहे."

सभागृहात आधी कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला होता.

"बागेत रोज कितीतरी माणसं येतात," ती म्हणाली. "त्यांतलं एकही हे करत नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात दिसायला हवं होतं. मॅडम, तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तपासलं म्हणाले, ते खोटं होतं. का तपासलं नाही ते निबंधात नाही, म्हणून इथे सांगते. मी दुसऱ्या कुणाकडे बघतच नव्हते."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं, आणि कानांपर्यंत लाली चढली.

मॅडमनी तिचा निबंध मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हा निबंध मी स्वीकारू शकत नाही. फील्डवर्क पुन्हा करावं लागेल. निवडीचाही प्रश्न उरत नाही." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पण अशी कबुली मी इतक्या वर्षांत ऐकलेली नाही. कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या रांगेत सुलतानचे आजोबा उभे राहिले. "विचारायचं नाही, सांगायचंय. या दोघांनी आम्हाला आपापला अभ्यास सांगितला होता. दोघांनी वेगवेगळ्या शपथा घातल्या. ही म्हणे डुलकीच्या बाबांना सांगू नका, आणि हा म्हणे कापूसच्या आईला सांगू नका. डुलकी याच्या आत्याची आहे, तेही आम्हाला ठाऊक. अख्खी बाग महिनाभर लवकर येत होती ती काय कुत्र्यांसाठी?"

"आम्ही तर बाकं वाटून घेतली होती," मिशीची मावशी बसल्याबसल्या म्हणाली.

सभागृह हास्याने दणाणलं. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि त्या गोंधळात एक हात वर झाला. तो होता. मॅडमनी मान हलवली. तो उभा राहिला, पण तिच्याकडे न बघता मॅडमकडे बघून बोलू लागला.

"माझाही निबंध मागे घेतो. खरं तर वाचताना मध्येच थांबायला हवं होतं. हिला समोर पाहिलं आणि काही सुचेनासंच झालं. आमच्या सरांनी विचारलं होतं, सगळी निरीक्षणं एकाच व्यक्तीची का? मी म्हणालो, त्याच प्रमुख जाणकार आहेत. तेही खोटंच होतं." मग तो तिच्याकडे वळला. "सगळ्यांची परवानगी घेतली मी. तुझीच घेतली नाही. रोज ठरवायचो. विचारलं असतं तर तू तुझ्या त्या नाजूक कुत्र्याला घेऊन निघून गेली असतीस."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. सगळ्यांच्या देखत.

"मग आता विचार ना," ती म्हणाली.

"काय?"

"परवानगी."

तो पुढे आला. मंचाच्या पायरीपाशी थांबला.

"तुझ्याकडे रोज बघायची परवानगी हवी आहे मला."

"कशासाठी?" तिने विचारलं. परवानगी देण्याआधी हा प्रश्न विचारायचाच असतो, तसं शिकवलंच होतं तिला. "तुझा अभ्यास तर आत्ताच बुडाला."

"म्हणूनच विचारतोय. आता कसल्याही कामासाठी नाही."

तिचे डोळे भरून आले. एवढ्या साध्या वाक्याचा एवढा धक्का बसेल असं तिला वाटलं नव्हतं. मॅडम टेबलावर बोटं वाजवत होत्या, पुढचा वक्ता कागद हातात घेऊन ताटकळला होता, आणि तिला यातलं काहीच दिसत नव्हतं.

"दिली," ती हळूच म्हणाली.

माइक चालूच होता. अगदी शेवटच्या रांगेतही ते स्पष्ट ऐकू गेलं.